तडा टिकला, तर काच खोटी

धुळे शहर तीन मोठ्या रस्त्यांच्या चौफुलीवर उभे आहे. एक मुंबई-आग्रा, दुसरा सुरतेहून जळगावमार्गे नागपूरकडे जाणारा आणि तिसरा चाळीसगाववरून संभाजीनगर-सोलापूरकडे उतरणारा. सरकारने जुने 3, 6 आणि 211 हे क्रमांक मोडीत काढून 60, 52 आणि 53 आणले, तरी ड्रायव्हरांच्या तोंडी आग्रा रोड आणि सुरत रोडच राहिले. या रस्त्यांवर एमएच 18, एमएच 19 आणि एमएच 39 पाटीच्या, म्हणजे धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या, गाड्यांबरोबर पंजाबपासून तामिळनाडूपर्यंतचे ट्रक धावत असतात. ढाब्यावर गाडी थांबली की टायर ठोकून पाहिले जातात, रस्से ताणले जातात, पुढची काच पुसली जाते. केबिनच्या मागच्या काचेकडे मात्र कोणी फिरकत नाही.

सहज म्हणून दहा-वीस गाड्यांच्या केबिनमागे डोकावले तर तिथे काय काय सापडते! कुठे कंपनीचा शिक्का असलेली काच, कुठे घराच्या खिडकीला लावतात तशी कापून बसवलेली साधी काच, कुठे पिवळी पडलेली ॲक्रिलिकची पाटी, कुठे प्लायवूड, कुठे रिव्हेट मारलेला पत्रा. काही ठिकाणी तर कोणा भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्सच दुमडून ठोकलेला असतो. काच फुटली की गॅरेजवाल्याचा प्रश्न ठरलेला: “काच टाकू का पत्रा मारू, भाऊ?” आणि निम्म्या वेळा उत्तर पत्र्याचे असते. कारणही ठरलेले असते: मागे हौदा, हौद्यात माल, मग त्या काचेतून दिसते तरी काय?

प्रश्न वरवर बरोबर आहे. मोठ्या ट्रकमध्ये मागचा रस्ता बाजूच्या आरशांतून पाहायचा असतो, काचेतून नव्हे. पण काचेचे काम तेवढेच नाही. टिपर चालवणाऱ्याला हौदा किती उचलला गेला, खडी सरकली की अडकली, हे त्याच काचेतून कळते. टँकरवाल्याला मागची शिडी आणि झाकण दिसते. पिकअप आणि छोट्या हत्तीला, म्हणजे टाटा एसला, तर ती काच पुरेपूर लागते, कारण गल्लीबोळात रिव्हर्स घेताना आरशाच्या जोडीला दुसरे काही नसते. टाटा एस 2005 मध्ये बाजारात आली आणि खेड्यापाड्यांतली बरीचशी मालवाहतूक ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून या लहान गाड्यांकडे वळली. त्यामुळे आज मागच्या काचेचा प्रश्न हायवेच्या ट्रकपेक्षा बाजार समितीच्या आवारातल्या पिकअपला जास्त भिडतो.

आणखी एक काम असे की ज्याची आठवण गाडी आडवी झाल्यावरच येते. केबिन कुशीवर पडली की एक दार जमिनीला टेकते, दुसरे डोक्यावर जाते आणि बहुधा चेपून अडकते. अशा वेळी बाहेर निघायला पुढची किंवा मागची काच एवढाच मार्ग उरतो. पुढची काच पडद्याची, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली असते, ती फोडली तरी सहजी फाटत नाही. मागची मात्र कोपऱ्यात एक टोकदार घाव बसला की मोकळी होते. तिथे पत्रा मारला असेल तर तोही मार्ग बंद. पत्र्याने वाचलेले पैसे इथे फार महाग पडू शकतात.

आता ती फुटते कशी ते पाहू. समोरची काच रस्ता फोडतो. फागणे ते तरसोद या टप्प्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, तेव्हा पुढच्या गाडीच्या टायरातून उडालेल्या खडीने या भागातल्या किती गाड्यांच्या काचांवर चांदण्या पडल्या असतील, ते त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांना विचारावे. मागच्या काचेचे तसे नाही. तिला घरचेच फोडतात: आपला माल, आपले हमाल, आपलीच चेसी आणि आपल्याच गॅरेजमधले हात.

मालाचा विचार केला तर खानदेशात केळी निर्दोष सुटतात. रावेर, यावल, सावदा, फैजपूर हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि 2021 मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीहून 22 टन केळी दुबईला रवाना झाली. केळी हा नाजूक माल. घड दुखावला तर भाव पडतो, म्हणून हौद्याला आतून पाला किंवा गादी लावूनच थर चढवले जातात आणि केबिनकडची बाजूही आपोआप झाकली जाते. कापसाच्या गाठी 170 किलोच्या असल्या तरी त्यांच्या कडा बोथट, दाबून बांधलेल्या. त्या काच फोडण्याआधी पत्रा चेपतात.

खरे गुन्हेगार लांब आणि टोकदार. जळगाव हे पाइपांचे गाव आहे. जैन इरिगेशनने ठिबक आणि पाइपांचा धंदा इथे वाढवला, त्यामुळे शेताकडे जाणाऱ्या पिकअपवर पीव्हीसी पाइप, पत्रे, सळया, बोअरची मोटर हा नेहमीचा माल. 20 फुटी पाइप पिकअपच्या हौद्यात मावत नाही. तो मागच्या फाळक्यावर किंवा केबिनच्या टपावर टेकवून बांधला जातो. समोर बैल आडवा आला, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, की गाडी थांबते आणि पाइप थांबत नाहीत.

याचा हिशेब सोपा आहे. अमेरिकेच्या मालवाहतूक नियमांत असे आहे की बांधलेल्या मालाने पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या 80 टक्के एवढा जोर सहन केला पाहिजे. म्हणजे एक टन माल असेल तर पुढे ढकलणारा जोर 800 किलोच्या वजनाइतका धरून बांधणी करायची. आपल्याकडे हाच माल नायलॉनच्या एका दोरीवर आणि क्लीनरच्या गाठीवर सोडलेला असतो. गाठ सुटली की पहिला अडथळा कोणता, तर केबिनची मागची भिंत. त्या भिंतीत सर्वांत कमकुवत जागा कोणती, तर काच. काचेच्या पलीकडे दोन बोटांवर ड्रायव्हरचे डोके.

म्हणून परदेशात पिकअपच्या मागच्या काचेपुढे जाड लोखंडी चौकट उभी केलेली दिसते. आपल्याकडच्या मोठ्या ट्रकांच्या हौद्याला पुढच्या बाजूने भक्कम फळी किंवा पत्र्याची भिंत असते, तीही तेच काम करते. अडचण पिकअपची आहे. कंपनीकडून येणारी जाळी नुसत्या उभ्या-आडव्या पातळ नळ्यांची असते, आणि दोन नळ्यांमधून अडीच इंची पाइप आरामात आत घुसतो. स्थानिक फॅब्रिकेटरकडून त्या नळ्यांवर वेल्डमेशची जाड जाळी मारून घेतली की काच वाचते आणि नजरही अडत नाही. काच बदलण्याआधी हे काम करायचे, नंतर नाही. उलट क्रमाने केलेले काम महिन्याभरात पुन्हा करावे लागते.

मालावर बसणारी माणसे हा वेगळा विषय, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईचा ट्रक मध्यरात्री उलटला आणि 15 मजूर गेले. त्या अपघाताशी काचेचा संबंध नव्हता. पण मालवाहू गाडीतून माणसे नेण्याची आपल्याकडची रीत त्या रात्री सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. मालावर बसलेला मजूर ड्रायव्हरला थांबवायला केबिनच्या मागे लाथ मारतो किंवा काचेवर ठोकतो, आणि बऱ्याच काचा अशा ठोकण्यानेच सैल झालेल्या असतात. कायद्याने माणसे मालावर बसवता येत नाहीत हे खरे. ती बसतात हेही तितकेच खरे, आणि तोवर चालकाच्या डोळ्यांना मागचे काही दिसावे यासाठी ती काच स्वच्छ असलेली बरी.

चेसीचा दोष मात्र दिसत नाही, म्हणून तो सर्वांत शेवटी लक्षात येतो. ट्रकची चेसी ही दोन लांब लोखंडी तुळयांची चौकट. खड्ड्यात एक चाक गेले की ती पिळवटते. ती पिळवटावी अशीच बनवलेली असते, आणि तो पीळ केबिनपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये रबरी बुश असतात. बुश झिजले, की पीळ थेट केबिनच्या भिंतीत आणि तिथून काचेच्या कोपऱ्यात जातो. 2018 मध्ये केंद्राने आसावरच्या वजनाची मर्यादा वाढवली, दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेले. नव्या गाड्यांना ते झेपते. पण जुन्या गाडीचे थकलेले बुश तेच राहतात आणि ओझे मात्र वाढते. वर औट्रम घाटासारखी वळणे आणि सेंधव्याकडचा बिजासन घाट आहेतच. एकाच गाडीची मागची काच वर्षात दोनदा गेली, तर काचवाल्याला शिव्या देण्याआधी बुश आणि केबिनचे बोल्ट तपासावेत.

इथे काचेच्या जातीकडे वळणे भाग आहे, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

गाडीला लागणारी सुरक्षा काच दोन प्रकारची. एक पडद्याची, म्हणजे लॅमिनेटेड: दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस याने 1909 मध्ये तिचे पेटंट घेतले. फुटली तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. पुढची काच अशीच असावी लागते. दुसरी टफन्ड: काच सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि दोन्ही बाजूंनी हवेचे झोत मारून झटकन गार करायची. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला नंतर, त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा कायमचा ताणाखाली राहतो. ही कल्पनाही फ्रान्सचीच, द ला बास्ती याची, 1874 सालची. अशी काच साध्या काचेच्या चार-पाच पट दणके सोसते. पण ताण असलेल्या गाभ्यापर्यंत एकदा चीर गेली, की सगळी काच एका क्षणात दाणादाण होते. दाणे मक्याच्या दाण्याएवढे, कडा बोथट. मागच्या आणि बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत याच असतात.

आता ट्रकवाल्याने स्वतःला विचारायचा प्रश्न असा: माझ्या मागच्या काचेला गेल्या दिवाळीपासून एक लांब तडा आहे आणि ती अजून जागेवर आहे, म्हणजे नेमके काय?

म्हणजे ती टफन्ड नाही. टफन्ड काचेला तडा जाऊन थांबता येत नाही. ती एकतर अखंड असते किंवा दाण्यांचा ढीग. तडा टिकून आहे, तर ती काच पडद्याची असेल, आणि ट्रकच्या केबिनमागे तसे क्वचितच असते. नाहीतर ती साधी काच आहे, खिडकीच्या मापाने कापून बसवलेली. साधी काच फुटली की सुरीसारखे लांब तुकडे होतात, आणि ते तुकडे मानेच्या उंचीवर असतात. चालवताना तडा वाढतोय का हे पाहत बसण्यात अर्थ नाही. ती काच मुळात तिथे नसायलाच हवी होती.

ती तिथे आली कशी, हेही समजण्याजोगे आहे. ट्रकची मागची काच बहुधा सपाट आणि चौकोनी. पुढच्या काचेसारखा तिला बाक नाही. त्यामुळे कोणत्याही काचेच्या दुकानात जाऊन माप दिले, हिऱ्याने रेघ मारली, की अर्ध्या तासात काच तयार. टफन्ड काच मात्र कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासता येत नाही. आधी मापाला कापायची, कडा घासायच्या, मग भट्टीत घालायची. म्हणून ती तयार मापातच येते: कंपनीच्या पार्टसच्या दुकानातून किंवा वाहनांच्या काचा विकणाऱ्याकडून. सेंट-गोबेन सेक्युरिटचे कारखाने पुण्याजवळ भोसरी आणि चाकणला आहेत. असाही इंडियासारखी दुसरी मोठी नावेही आहेतच. जुन्या मॉडेलचे माप दुकानात नसले की दोन-चार दिवस थांबावे लागते. उभी गाडी रोजचे भाडे बुडवते, आणि या दोन-चार दिवसांच्या अडचणीतूनच साधी काच केबिनमागे जाऊन बसते.

ओळखायचे कसे? कोपऱ्यात पाहा. सुरक्षा काचेवर बारीक, न पुसणारा शिक्का असतो: बनवणाऱ्याचे नाव, आयएसआयची खूण, आयएस 2553 हा क्रमांक आणि काच टफन्ड की लॅमिनेटेड हे. शिक्का नसेल तर दुकानदार काहीही सांगो, ती काच साधी समजावी.

खानदेशचा उन्हाळा साध्या काचेचे पितळ उघडे पाडतो. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणे नेहमीचे. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा आणि काच त्याहून खूप तापतात. साधी काच एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला गार झाली, फरक चाळीसेक अंशांचा पडला, की तडकू शकते. टफन्ड काच दोनशे अंशांच्या आसपासचा फरक सोसते. दुपारी तापलेल्या केबिनवर बोअरच्या गार पाण्याची नळी सोडली आणि काच तडकली, तर दोष पाण्याला देऊ नये. टफन्ड काचही कधी कधी काही न लागता फुटते. तिच्यात निकेल सल्फाइडचा एखादा सूक्ष्म कण राहून गेला की तो पुढे फुगतो आणि गाभ्यातच चीर पाडतो. पण हे विरळा. ‘आपोआप फुटली’ म्हणून सांगितलेल्या बहुतेक काचांचा कोपरा गंजलेल्या पत्र्याने दाबलेला असतो.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 100 सांगतो की गाडीच्या काचा सुरक्षा काचेच्या असाव्यात. शेतीच्या ट्रॅक्टरला त्यातून सूट आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून 50 टक्के. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर काळ्या फिल्मला बंदी घातली. पुढे नियमात बदल होऊन 2021 पासून ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला जागा मिळाली, आणि केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्ये उजेडाची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल असे सांगितले. मागच्या काचेवर देवाचे मोठे चित्र किंवा गावाचे नाव रंगवून तिचा पडदा करणे या टक्केवारीत बसत नाही. गंमत अशी, की पिकअपची रंगवलेली काच पोलिसाला दुरून दिसते. ट्रकच्या हौद्याआड लपलेला पत्रा मात्र वर्षानुवर्षे कोणालाच दिसत नाही.

दिसतो तो पासिंगच्या वेळी. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तिचे योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. दोष माहीत असून धोकादायक गाडी रस्त्यावर आणली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली 1,500 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो चालकाइतकाच गाडी चालवू देणाऱ्यालाही लागू होतो. मालकांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

आता काच बसवण्याचे प्रत्यक्ष काम. जळगावच्या अजिंठा चौफुलीपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंतच्या गॅरेजांत हे रोज चालते आणि चांगला कारागीर हाती असेल तर पाहण्यासारखे असते. जुन्या पद्धतीच्या केबिनला काच रबरात बसते. आधी जुने कडक झालेले रबर सुरीने कापून काढायचे. मग चौकटीच्या पत्र्याची कड तारेच्या ब्रशने घासायची. इथेच कामचुकारपणा होतो. गंजाचा एक फुगवटा राहिला तरी तो काचेच्या कडेला टेकतो, आणि टफन्ड काचेची कड हीच तिची नाजूक जागा. कड घासून रेड ऑक्साइड मारून सुकू द्यायचा.

नवे रबर आधी काचेला चहूबाजूंनी चढवतात. रबराच्या बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी बसवत फिरवायची आणि तिची दोन टोके खालच्या बाजूला मधोमध एकमेकांवरून पार करून लोंबती ठेवायची. खाचेला साबणाचे पाणी. मग एक जण बाहेरून, हौद्यात उभा राहून, काच चौकटीवर तळहाताने दाबून धरतो आणि दुसरा केबिनमध्ये बसून दोरीचे एक टोक काचेला समांतर ओढत जातो. दोरी निघत जाते तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उडी मारून आत येतो. बाहेरच्याने ओढणाऱ्याच्या हाताबरोबर आपला तळहात सरकवायचा असतो. दोघांचा ताल चुकला की ओठ दुमडतो, आणि पुढच्या पावसात पाणी नेमके तिथूनच येते. शेवटी रबराच्या वरच्या खाचेत लॉक बीडिंग दाबून भरली की रबर फुगून काचेला घट्ट आवळते.

नव्या गाड्यांत काच पॉलियुरेथेनच्या डिंकाने चिकटवलेली असते. तिथे घाई चालत नाही. डिंक पकडेपर्यंत काही तास गाडी हलवायची नाही आणि दारे आपटायची नाहीत. बाजूच्या दोन्ही काचा चढवलेल्या केबिनचे दार आपटले की आतल्या हवेचा दाब ओल्या डिंकावर येतो. बाजूची एक काच इंचभर खाली ठेवली तर हा धोका उरत नाही.

गळती हा पावसाळ्यातला आजार. मागच्या काचेखालून झिरपलेले पाणी सीटमागे साचते, तिथेच वायरिंग असते, आणि गंज सुरू होतो तो आतून. गळती शोधायला एकाने बाहेरून खालून वर पाइपचे पाणी मारावे आणि दुसऱ्याने आतून टॉर्च धरावा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच उतरते आणि काही कळत नाही. उपाय म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन थापू नये. ते सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि आधीच गंजलेला पत्रा आणखी खाते. वाहनांसाठीचे सीलंट वेगळे मिळते.

काही गाड्यांची मागची काच सरकती असते. ती अडकण्याच्या तक्रारी कापसाच्या हंगामात वाढतात, यात नवल नाही. खालच्या पट्टीत सरकीचे तंतू आणि धूळ साचून नमद्यासारखा थर बसतो. त्यावर कोणी ग्रीस किंवा इंजिन ऑइल सोडले, की धूळ आणखी धरते आणि काच कायमची जाम. पट्टी कोरडी साफ करून सिलिकॉनचा फवारा पुरतो. पट्टीत पाणी जाण्याची बारीक भोके असतात, ती तारेने मोकळी करावीत. निम्म्या गळत्या तेवढ्यानेच थांबतात. सरकत्या काचेची खिट्टी तुटली असेल तर ती आजच बदलावी, कारण चोराला केबिनमध्ये शिरायला याहून सोपी वाट नाही. महागड्या पिकअपच्या मागच्या काचेवर तापणाऱ्या बारीक रेषा असतात. स्टिकर ब्लेडने खरवडताना त्या तुटतात आणि मग थंडीत काच अर्धीच साफ होते.

वाटेत काच फुटलीच, तर दाणे हाताने गोळा करू नयेत, ओल्या कापडाने टिपावेत, आणि सीटच्या फटीत राहिलेले नंतर व्हॅक्यूमने काढावेत. भोकावर जाड पॉलिथिन बाहेरून चिकटवावे. मागची बाजू उघडी आणि दोन्ही काचा चढवलेल्या, असे चालवले तर मागचा धूर केबिनमध्ये ओढला जातो. लांबच्या पल्ल्यात त्याने डोके जड होते, झोप येते, आणि रात्रीच्या ड्रायव्हरला ते परवडणारे नाही.

विम्याबाबत गैरसमज फार. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काचेला एक रुपयाही मिळत नाही. स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर काचेवर घसारा कापला जात नाही, ही चांगली गोष्ट. रबर आणि प्लास्टिकवर मात्र तो 50 टक्के कापतात. शिवाय ठरावीक रक्कम मालकाने स्वतः भरायची असते, आणि एक दावा केला की वर्षानुवर्षे साठवलेला नो क्लेम बोनस जातो. तो बोनस पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत पोचतो. पिकअपच्या सपाट मागच्या काचेसाठी दावा करणे बहुतेक वेळा आतबट्ट्याचेच ठरते. पाइप आत घुसून काचेबरोबर केबिनही फाटली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा गाडी हलवण्याआधी फोटो काढावेत आणि सर्वेक्षक येईपर्यंत दाणे झाडू नयेत.

एक बदल या विषयाला नव्याने महत्त्व देणारा आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. मे महिन्यात भुसावळहून निघणाऱ्या ड्रायव्हरसाठी ही सोय नव्हे, गरज आहे. पण एसी केबिनमध्ये मागच्या बाजूला फ्लेक्स ठोकून चालत नाही. गारवा त्या फटीतून जातो आणि डिझेल वाढते. आजवर काचेच्या जागी पत्रा चालवून घेणाऱ्या मालकांना नव्या गाड्यांत तरी खरी काच लावणे भाग पडेल. जुन्या गाड्यांचा प्रश्न मात्र त्यांच्या मालकांच्या मर्जीवरच राहणार, आणि खानदेशातल्या रस्त्यांवर त्याच जास्त आहेत.

तेव्हा ट्रक-पिकअपच्या मालकांना सांगणे इतकेच: पुढच्या पासिंगची वाट न पाहता आजच केबिनमागे जाऊन काचेचा कोपरा पाहा. शिक्का नसेल किंवा जुना तडा तसाच टिकून असेल तर ती काच उतरवा, नवी बसवण्याआधी जाळी मजबूत करा आणि बुश तपासा. नवी काच घेताना बिलावर ‘टफन्ड, आयएस 2553’ असे लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला कुरकुरला, तर पुढच्या दुकानात जा.